गेले, मेले आणि एक जुना केबल मोडेम

आमच्या घरातलं इंटरनेट १४ मार्चपासून एकदाही तुटलेलं नाही. यात लिहिण्यासारखं काय, असं वाटेल. पण ६ जानेवारी ते १४ मार्च या काळात मी सात वेळा ग्राहक सेवेला फोन केला, दोन तंत्रज्ञ घरी येऊन गेले, एकदा मीच सगळ्या सेटिंग पुसून टाकल्या आणि एकदा 'आठ' आणि 'बी' यांच्यातला फरक न दिसल्याने एक संध्याकाळ घालवली. ज्यांच्या घरी आत्ता हेच चालू आहे त्यांच्यासाठी जसं घडलं तसं लिहिते. मी शिकवते गणित. नेटवर्कमधलं मला जे कळतं ते या सव्वादोन महिन्यांतच कळलेलं आहे.

सकाळी साडेसहाला माझा ऑनलाइन तास असतो. ६ जानेवारीला वर्गसमीकरण सोडवताना समोरच्या अकरा चौकटींमधले चेहरे एकदम थिजले. एक मुलगा जांभई देताना थिजला होता. मी बोलतच राहिले. दोन मिनिटांनी परत जोडले गेले तेव्हा पोरं म्हणाली, "मॅडम, तुम्ही 'बी वर्ग वजा' म्हणालात आणि गेलात." त्या आठवड्यात मी चार वेळा अशी गेले.

पहिला आठवडा सगळे करतात तसाच गेला. मोडेमची पिन काढायची, दहा आकडे मोजायचे, पुन्हा लावायची. यातून दरवेळी काहीतरी सुधारल्यासारखं वाटतं, कारण पाच मिनिटांनी ते तसंही सुधारणारच असतं. १० तारखेला चिडून मी मोडेमच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून तीस सेकंद दाबून धरली. हे करू नका. त्याने केबलमधला सिग्नल तसूभरही बदलत नाही. मोडेममध्ये कोणी काही सेटिंग केलेल्या असल्या तर तेवढ्या जातात, शिवाय आतल्या नोंदीही पुसल्या जातात. पुढे त्याच नोंदी मला हव्या होत्या.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण मलाही ती नीट माहीत नव्हती. मोडेम आणि राउटर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतीतून येणारी गोल, जाड केबल ज्या डब्याला स्क्रूसारखी फिरवून लावलेली असते तो मोडेम. घरभर वायफाय पसरवतो तो राउटर. काही घरांत दोन्ही एकाच डब्यात असतात. आमच्याकडे दोन होते. मोडेम कंपनीचा, भाड्याने घेतलेला. त्याच्या पोटाखालच्या लेबलावर २०१४ साल होतं. राउटर माझा, त्या मानाने नवा.

मग दोष कोणाचा? १२ जानेवारीला माझ्या भावाने फोनवर एक साधी युक्ती सांगितली. लॅपटॉप वायफायवरून काढायचा आणि राउटरला तारेने जोडायचा. आज्ञा टाइप करायच्या काळ्या पडद्याच्या (कमांड प्रॉम्प्टच्या) तीन खिडक्या उघडायच्या आणि प्रत्येकीत पिंगची, म्हणजे एखाद्या यंत्राला 'आहेस का?' असं विचारून उत्तर येतंय का ते बघण्याची, आज्ञा सतत चालू ठेवायची. पहिली राउटरला. दुसरी मोडेमला, बहुतेक केबल मोडेमचा पत्ता १९२.१६८.१००.१ असाच असतो. तिसरी बाहेरच्या जगाला, म्हणजे ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला. आता नेट जाईल तेव्हा फक्त बघायचं की कोणती खिडकी गप्प होते. राउटरची झाली तर भांडण घरातलं. राउटर आणि मोडेम दोन्ही उत्तर देत असतील आणि तिसरी गप्प असेल, तर गोंधळ मोडेमच्या पलीकडे आहे. १३ तारखेला सकाळी ६.५२ ला तिसरी खिडकी गप्प झाली, पहिल्या दोन बोलत राहिल्या. वायफायला मी उगाच आठवडाभर शिव्या दिल्या होत्या.

याच सुमारास बाबा यात पडले. बाबांची रक्तदाबाच्या आकड्यांची एक वही आहे, त्यात पेन्सिलीने रोजची नोंद असते. १४ तारखेला त्यांनी ती वही उलटी करून मागच्या पानावर 'इंटरनेट' असा मथळा घातला, खाली दोन रेघा मारल्या आणि मोडेमसमोरच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसू लागले. त्यांच्या नोंदी अशा:

६.४८ गेले. ६.५१ आले.
७.२० गेले. ७.२२ आले.
३.०५ मेले. ३.१० आले.

मी हसले. "बाबा, गेले आणि मेले यात काय फरक?"

"गेले म्हणजे बाकीचे दिवे लुकलुकतात, पण वरचा पॉवरचा दिवा शाबूत असतो. मेले म्हणजे सगळेच दिवे विझतात, मग एकेक करून उठतात."

मी "बरं" म्हणून विषय सोडून दिला. हा फरक तेव्हाच मनावर घेतला असता तर महिनाभर वाचला असता.

१७ जानेवारीला मी तोच १९२.१६८.१००.१ हा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला आणि मोडेमचं स्वतःचं पान उघडलं. हे पान असतं हेच पुष्कळांना माहीत नसतं. त्यात एक भलामोठा तक्ता होता, आणि तो वाचायला शिकणं ही या सगळ्या प्रकरणातली सर्वात उपयोगी गोष्ट ठरली, म्हणून इथे जरा थांबते.

केबलवरून येणारा डेटा अनेक चॅनेलमध्ये वाटलेला असतो. आमचा मोडेम डॉक्सिस ३.० या मानकाचा होता. हे मानक २००६ मधलं, आणि अनेक चॅनेल एकत्र बांधायची सोय त्यात पहिल्यांदा आली. आमच्याकडे येणारे आठ चॅनेल होते आणि जाणारे चार. येणाऱ्या प्रत्येक चॅनेलपुढे दोन आकडे होते. एक सिग्नलच्या जोराचा, डीबीएमव्ही या एककात. हा शून्याच्या आसपास असला की उत्तम. उणे सात ते अधिक सात यांच्यामध्ये असला की सहसा काळजी नसते. दुसरा आकडा सिग्नल आणि गोंगाट यांच्यातल्या अंतराचा, डेसिबलमध्ये. तो ३३ च्या वर असावा, जितका जास्त तितका बरा. आमच्याकडे जोर उणे दहा-अकरा आणि अंतर ३१-३२.

जाणाऱ्या चॅनेलचा आकडा उलटा वाचायचा. तो मोडेमला किती मोठ्याने बोलावं लागतंय ते सांगतो. वाट खराब असेल तर पलीकडून 'ऐकू येत नाही, मोठ्याने बोल' असं सांगितलं जातं आणि मोडेम आवाज चढवतो. साधारण ३५ ते ४९ म्हणजे नेहमीचं बोलणं. आमचा ५१ वर होता. गल्लीच्या टोकावरून हाक मारत असल्यासारखा.

त्याच पानावर वाटेत बिघडलेल्या आणि दुरुस्त न होऊ शकलेल्या डेटाच्या तुकड्यांची मोजणी होती. हा आकडा शून्य नसला तरी घाबरायचं कारण नाही, तो वाढतोय का आणि किती वेगाने, ते बघायचं. आमचा आकडा रोज सकाळी हजारोंनी वाढायचा आणि दुपारी जवळजवळ थांबायचा.

आणि खाली नोंदवही. तिच्यात दोन शब्द पुन्हा पुन्हा आले: टी३ टाइमआउट आणि टी४ टाइमआउट. मोडेमला ठरावीक अंतराने पलीकडच्या यंत्राला विचारावं लागतं की माझा आवाज नीट पोचतोय ना. उत्तर वेळेत आलं नाही की टी३. अशी ओळीने सोळा उत्तरं चुकली की तो हात टेकतो आणि जोडणी पहिल्यापासून सुरू करतो. टी४ म्हणजे पलीकडून बोलायची पाळीच तीसेक सेकंद मिळाली नाही. एखाददुसरा टी३ कोणाच्याही घरी दिसेल. आमच्याकडे सकाळच्या दोन तासांत रांग लागलेली असायची.

गंमत म्हणजे त्यातल्या काही नोंदींवर १ जानेवारी १९७० ही तारीख होती. बाबा चष्मा सरकवून म्हणाले, "इतका जुना आहे?" तसं नाही. मोडेमला स्वतःचं घड्याळ नसतं, सुरू झाल्यावर तो कंपनीकडून वेळ मागून घेतो. ती मिळेपर्यंत त्याच्या लेखी १९७० चालू असतं, कारण संगणकांची कालगणना तिथून मोजायची पद्धत आहे. म्हणजे या तारखेची नोंद दिसली की समजायचं, मोडेम नुकताच मेलेल्यातून उठलाय. बाबांच्या वहीतला शब्द मोडेमच्या पानावर असा उमटलेला होता, आणि तरीही मला दोन आणि दोन चार करता आले नाहीत. गणिताची शिक्षिका.

या पानाचे फोटो काढून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असे. नेट चालू असतानाचा एक आणि तुटल्या तुटल्या लगेचचा एक. नेट नसतानाही हे पान उघडतं, ते मोडेमच्या आतच असतं.

१९ जानेवारीला मी केबलचा माग काढला. भिंतीपासून मोडेमपर्यंत सरळ येते असं मी धरून चालले होते. कपाट पुढे ओढलं तर मागे धुळीत एक छोटा धातूचा डबा, एका तोंडातून आत आणि तीन तोंडांतून बाहेर. स्प्लिटर. पूर्वी दोन खोल्यांत टीव्ही होते, त्यांच्यासाठी लावलेला. टीव्ही कधीच गेले, दोन तोंडं उघडी राहिली. हे उघडं तोंड निरुपद्रवी नसतं, त्यातून बाहेरचा गोंगाट आत शिरतो; वापरात नसेल तर त्यावर ७५ ओहमची टोपी लावायची असते. त्याहून वाईट म्हणजे अशा तीन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये बहुधा एका तोंडाला साडेतीन डेसिबल तूट असते आणि उरलेल्या दोघांना सात-सात. डब्यावर ते बारीक अक्षरांत छापलेलंही होतं. आमचा मोडेम सातच्या तोंडाला होता. सात डेसिबल म्हणजे सिग्नलचा पाचवा हिस्सा हातात आणि बाकीचा टीव्ही नसलेल्या दोन खोल्यांच्या नावाने वाया.

स्प्लिटर काढला आणि दोन केबल एकमेकींना जोडायचा छोटा नळीसारखा तुकडा, ज्याला बॅरल म्हणतात, तो लावला. स्प्लिटर काढल्यावर तक्त्यात जोर उणे तीन-चार झाला, मोडेमचा आवाज ४५ वर उतरला. एका बॅरलच्या खर्चात एवढं झालं. 'सिग्नल वाढवणारं यंत्र लावा' असा सल्ला मला दोघांनी दिला होता. ते आधी लावलं असतं तर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढला असता आणि स्प्लिटर तसाच कपाटामागे राहिला असता.

मला वाटलं, संपलं. २० तारखेला एकदाही गेलं नाही. २१ ला दोनदा गेलं. २३ ला पाऊस पडला आणि सकाळच्या तासात सहा वेळा.

२७ जानेवारीला कंपनीला फोन केला. अडतीस मिनिटं वाट बघणं, मग 'मोडेम बंद करून चालू करा'. मी केलं. वाद घालण्यात अर्थ नसतो, समोरच्या माणसाला ती पायरी पूर्ण केल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाता येत नाही. "मॅडम, इथून तुमचा मोडेम ऑनलाइन दिसतोय." दिसणारच, सकाळचे अकरा वाजले होते. तंत्रज्ञ हवा म्हटल्यावर एक अट वाचून दाखवली: बिघाड घराबाहेरच्या लाइनमध्ये निघाला तर फेरी मोफत, घरातल्या वायरिंगमध्ये निघाला तर शुल्क. शुल्क म्हणजे आमच्या महिन्याच्या बिलाचा जवळजवळ अर्धा भाग. हो म्हणाले. तक्रार क्रमांक मिळाला. पहिली रिकामी वेळ २ फेब्रुवारी, दुपारी बारा ते चार.

तो मुलगा एक वीसला आला. चांगला होता, घाईत होता. मोडेमपाशी येणाऱ्या केबलला मीटर लावला, आकडे बघितले, म्हणाला, "ताई, सिग्नल एकदम मस्त आहे." मी म्हटलं, "दादा, सकाळी जातं." तो म्हणाला, "आत्ता तर आहे ना." आत कपाटामागे ठेवलेला जुना स्प्लिटर त्याला दिसला, त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी तक्रार बंद झाल्याचा निरोप आला: 'घरातील वायरिंग. ग्राहकाने दुरुस्त केली आहे.' पुढच्या बिलात शुल्क लागलेलं.

मला खूप राग आला. खरं सांगायचं तर पैशांपेक्षा 'आत्ता तर आहे ना' या वाक्याचा.

५ फेब्रुवारीला रात्री बाबांची वही घेऊन बसले. तीन आठवड्यांच्या नोंदी, एकूण ७४. एका कागदावर चोवीस तासांची रेघ मारून प्रत्येक नोंदीची फुली केली. 'गेले' निळ्या पेनाने, 'मेले' लाल. हे मी मुलांना पाचवीत शिकवते. निळ्या फुल्या जवळजवळ सगळ्या पहाट ते सकाळी आठ या पट्ट्यात, आणि पावसाच्या दिवशी दिवसभर. लाल फुल्या दुपारी दोन ते पाच. निळ्या जास्त, लाल थोड्या. दोन वेगळे ढीग, मध्ये चक्क रिकामी जागा.

म्हणजे बिघाड एक नव्हताच. एक थंडीत आणि ओलीत होत होता, दुसरा उकाड्यात. मी दोघांची बेरीज करून 'नेट सारखं जातं' म्हणत होते, त्यामुळे दोघांचंही वेळापत्रक मला दिसत नव्हतं.

६ तारखेला पुन्हा फोन. या वेळी तीन गोष्टी मागितल्या: जुनीच तक्रार पुन्हा उघडा, नवी नको, म्हणजे इतिहास एकत्र राहील, वरिष्ठांकडे द्या, आणि तंत्रज्ञ सकाळी नऊच्या आत पाठवा. चौथी गोष्ट लेखी पाठवली: फुल्यांच्या कागदाचा फोटो, पहाटे साडेसहाला आणि दुपारी एकला काढलेला मोडेमचा तक्ता शेजारी शेजारी. पहाटेच्या तक्त्यात अंतर ३० च्या खाली घसरलेलं, दुपारी ३७. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. त्या बाईंनी त्यांच्याकडची नोंद पाहिली होती. कंपनीच्या यंत्रावरही प्रत्येक मोडेमचा इतिहास असतो, फक्त 'आत्ता ऑनलाइन आहे का' यापलीकडे कोणीतरी बघायला हवं. १६ फेब्रुवारी, पावणेआठ.

दुसरे तंत्रज्ञ वयाने मोठे होते. मोडेमकडे त्यांनी पाहिलंही नाही, थेट बाहेरच्या भिंतीवरच्या डबीकडे गेले. खांबावरून येणारी केबल तिथे संपते आणि घरातली सुरू होते. भूसंपर्काची तारही तिथेच जोडलेली असते. डबी कंपनीची, आपण उघडायची नसते, म्हणून मी तिला कधी हात लावला नव्हता. त्यांनी झाकण काढलं आणि मला बोलावलं. "ताई, हे बघा."

कनेक्टर फिरवून काढल्यावर आतून पाण्याचा एक थेंब त्यांच्या अंगठ्यावर आला. धातूवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड. केबलच्या मधोमध जी तांब्याची तार टोकदार पुढे यायला हवी, ती कडेच्याही आत होती. त्यांनी नखाने दाखवलं. केबलची बाहेरची आवरणं आणि आतली तार थंडीत सारखी आखडत नाहीत. तार मागे ओढली जाते आणि समोरच्या खोबणीत नुसती टेकल्यासारखी राहते. ऊन चढलं की पुन्हा सैलावते, पुन्हा टेकते. म्हणून दुपारी येणाऱ्या प्रत्येकाला 'सिग्नल एकदम मस्त'.

त्यांनी ते टोक कापलं. आतली पांढरी जाळी काळी पडलेली निघाली, म्हणून आणखी एक वीत कापलं. तीही काळी. मग म्हणाले, "पाणी वरून उतरतंय," आणि खांबापासून डबीपर्यंतची अख्खी केबल नवी टाकली. दीड तास लागला. कनेक्टर दाबून बसवायच्या पकडीचा आवाज, मग त्यावर रबरी टोपण, मग केबलला डबीत शिरण्याआधी खाली एक झोका, पाणी तिथूनच ठिबकून जावं म्हणून. जाताना मी फॉर्मवर 'बाहेरील लाइन' असं स्पष्ट लिहून घेतलं आणि फोटो काढला. शुल्क परत मिळालं ते या एका ओळीमुळे.

त्यानंतर वहीत निळ्या नोंदी शून्य. पण १८ तारखेला दुपारी ३.१५ ला बाबांनी हाक मारली, "मेले!"

२५ तारखेपर्यंत पाच वेळा मेले. या वेळी मी थेट वेळापत्रकावर विश्वास ठेवला. पॉवरचा दिवा विझतो, मोडेमच्या पानावरचं 'किती वेळ चालू' हे घड्याळ शून्यावर येतं, नोंदीत १९७०. म्हणजे वीजच तुटते. मोडेम हाताला गरम होता, पण अ‍ॅडॅप्टर चटका बसेल इतका. तो कपाट आणि भिंत यांच्या फटीत गेली कित्येक वर्षं कोंडलेला. अशा अ‍ॅडॅप्टरमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ती स्थिर ठेवणारे भाग, उष्णतेने हळूहळू सुकत जातात आणि भार आला की वीज डळमळते. मी मल्टीमीटर लावून पाहिला, १२.१ व्होल्ट, अगदी बरोबर. पण तो मोडेमपासून सोडवलेला होता, काही कामच करत नव्हता. रिकाम्या हाताने उभा असलेला हमाल थकलेला दिसत नाही.

खरी परीक्षा बदलून बघण्याचीच. २६ तारखेला भावाच्या जुन्या हार्ड डिस्कचा अ‍ॅडॅप्टर आणला. जुळवताना हे बघा: व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, आमचे १२. अँपिअर तितकेच किंवा जास्त. आमचा दीड, त्याचा दोन. पिनचा आकार आणि अधिक-उणेचं चिन्ह तेच. लावला. ७ मार्चपर्यंत एकदाही मेले नाही.

आता फक्त अ‍ॅडॅप्टर द्या, असं मी ७ मार्चला कंपनीला सांगितलं. उत्तर: त्यांच्या यादीत अ‍ॅडॅप्टर ही वेगळी वस्तूच नाही, मोडेमसकट बदलावा लागेल. बाजारातून एक घेऊन मोकळी झाले असते, पण भाडं मी दर महिन्याला भरतेय, आणि भावाला डिस्क परत चालू करायची होती. शिवाय इतका जुना मोडेम कधीतरी बदलायचाच होता. ९ तारखेला काउंटरवर जाऊन डॉक्सिस ३.१ चा नवा डबा आणला, मोडेम आणि वायफाय एकत्र असलेला.

तो चालू व्हायला एक दिवस गेला. मोडेम नुसता जोडून चालत नाही. त्याचा मॅक पत्ता, म्हणजे लेबलवरचे बारा अंक-अक्षरं, कंपनीच्या यंत्रात तुमच्या नावावर चढावी लागतात. फोनवर मी ती वाचून दाखवली. दिवे लागले, नेट नाही. रात्री साडेनऊला भिंग घेऊन बाबांनी लेबल वाचलं: मी जिथे 'आठ' म्हटलं होतं तिथे 'बी' होता. १० ला सकाळी दुरुस्ती झाली, मोडेमने कंपनीकडून स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्राम, उतरवून घेतलं, दोनदा आपणहून बंद-चालू झाला. या वेळी प्लग काढायचा मोह आवरा.

नंतर चार दिवस व्हिडिओ कॉल अधूनमधून अडकत राहिले, कारण नव्या डब्यातला राउटर आणि माझा राउटर एकामागे एक बसून दोघेही रहदारी नियंत्रित करत होते. नव्या डब्याला ब्रिज मोडमध्ये टाकलं, म्हणजे तो फक्त मोडेम राहिला. ते १४ मार्च.

जुना मोडेम परत करताना पावतीवर त्याचा अनुक्रमांक लिहून घ्या. अ‍ॅडॅप्टरही मागतात, आमचा दिला, तोच, चटका देणारा. मार्चच्या बिलात जुन्या आणि नव्या अशा दोन मोडेमचं भाडं लागून आलं. पावतीचा फोटो पाठवल्यावर ते निघालं, आणि त्याच फोनवर फेब्रुवारीचं शुल्कही वळतं झालं.

बाबांनी मागच्या पानांवर लिहिणं आता थांबवलंय. वहीत पुढून रक्तदाब, मागून इंटरनेट, आणि मध्ये अकरा पानं कोरी उरली आहेत.